शरयू, त्यात अभद्र काय होतं?

शरयू, तू सध्या गॅरेजमध्ये आहेस. तुला हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मीच सांगते.

स्टॅनमोरच्या त्या तुझ्या घरात पाहुण्यांची वेगळी खोली आहे, मागे काचेची कन्झर्व्हेटरी आहे, तिथे तुझी वेताची खुर्ची अजून तशीच आहे. पण अस्थी घरात आणायच्या नसतात, असं आपल्या मराठी मंडळातल्या थोरल्या कुमुदताईंनी क्रिमेटोरियमच्या कार पार्कमध्येच जाहीर करून टाकलं. पुण्याहून तुझ्या थोरल्या दिरांनी, अण्णांनीही फोनवर तेच सांगितलं. गावाकडे म्हणे झाडाला बांधून ठेवतात. तुला तुझ्या सफरचंदाच्या झाडाला बांधलं असतं तर शेजारच्या बाईने तासाभरात कौन्सिलला फोन लावला असता. तेव्हा मग गॅरेज. एका बाजूला लॉनमोअर, दुसऱ्या बाजूला तुझ्या निखिलची शाळेतली सायकल, मधल्या फळीवर रंगाचे अर्धवट डबे, आणि त्यांच्या शेजारी ती प्लास्टिकची बरणी. मी पाहून आले. बाहेर आल्यावर तुझ्या मधुकररावांना म्हटलं, "निदान तो रंगाचा डबा तरी बाजूला करा हो." त्यांनी केला. बिचाऱ्याला मी काय म्हणते तेही नीट ऐकू येत नव्हतं बहुतेक.

रडण्याचं म्हणशील तर ते माझं करून झालंय. तू सकाळी कप विसळता विसळता सिंकपाशी कोसळलीस आणि अँब्युलन्स येईपर्यंत संपलीसही. त्या दिवशी मी रडले, दुसऱ्या दिवशी रडले, तुझी साडी निवडताना रडले. आता मला नुसता राग येतो. कुमुदताईंचा येतो, मंडळाचा येतो, मधुकररावांचा येतो आणि सगळ्यात जास्त तुझा येतो. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. कोण म्हणतं? तू जिवंत असताना माझ्यावर काय कमी रागवायचीस?

रागाचं कारण असं, की येत्या रविवारची तिकिटं निघाली होती. मधुकरराव आणि निखिल तुला घेऊन मुंबईला उतरणार होते, तिथून नाशिक, मग गोदावरी. गुरुजी ठरले होते, दिरांनी गाडी ठरवली होती. आणि तुला गोदावरीत जायचं नव्हतं. हे मला माहीत आहे. मला एकटीलाच नाही, मंडळाच्या उन्हाळी सहलीला आलेल्या आख्ख्या कोचला माहीत आहे. सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात तू सांगितलंस. आणि तू गेल्यावर कुणालाच ते आठवेना.

मला मात्र सगळं आठवतं.

आपण उत्तरेतल्या तळ्यांच्या मुलखात, लेक डिस्ट्रिक्टला गेलो होतो. मधुकररावांचा गुडघा धरला होता म्हणून ते आले नव्हते, निखिल असल्या म्हाताऱ्यांच्या सहलींना कधीच येत नाही. तळ्यातली बोटीची फेरी वाऱ्यामुळे रद्द झाली आणि सगळ्यांची तोंडं उतरली. तेव्हा तूच म्हणालीस, की इथून तासाभरावर समुद्रकाठी रोमन लोकांचं न्हाणीघर आहे, पडकं आहे पण बघण्यासारखं आहे, गाईडही मिळतो. मंडळाच्या सेक्रेटरीला काहीतरी दाखवून दिवस भरायचाच होता. ड्रायव्हरने त्याच्या नव्याकोऱ्या सॅटनॅवमध्ये गाव घातलं आणि त्या रस्ता दाखवणाऱ्या यंत्राने आपल्याला एका शेतकऱ्याच्या फाटकाशी नेऊन सोडलं. मेंढ्या आपल्याकडे बघत होत्या आणि आपण मेंढ्यांकडे. तूच पुढे जाऊन बसलीस आणि ड्रायव्हरला रस्ता सांगायला लागलीस. डावीकडे घे, पुलाखालून जा, चर्च दिसलं की थांब. मी मनात म्हटलं, हिला कसं काय माहीत? पण विचारलं नाही, कारण कोचमध्ये अंताक्षरी चालू होती आणि माझ्यावर 'ठ' आला होता.

गाईड म्हणून आलेली बाई गोरीपान, उंच, लाल अनोरॅक घातलेली. गावातूनच निघालो. डाव्या हाताला खाडी, ओहोटीमुळे सगळा चिखल उघडा पडलेला, त्यापलीकडे समुद्र. वारा असा, की कुमुदताईंनी साडीवरून कोट, कोटावरून शाल आणि शालीवरून निखिलच्या वयाच्या कुणाची तरी टोपी घातली होती. मग झाडांमधली पायवाट, आणि एकदम त्या भिंती. माझी कल्पना होती गुडघ्याएवढे दगड असतील, भोवती दोरी असेल. तर या दोन पुरुष उंचीच्या भिंती, लाल दगडाच्या, दाराची कमान शाबूत, आतल्या बाजूला गुलाबी गिलावा अजून चिकटलेला. गाईडबाई म्हणाली, हा किल्ल्यातल्या शिपायांचा हमामखाना. किल्ला राहिला नाही, त्याच्यातून रेल्वे गेली. न्हाणीघर तेवढं राहिलं.

तिचं इंग्रजी निम्म्या बायकांच्या डोक्यावरून जात होतं, आणि तिच्या ते लक्षातही येत नव्हतं. तेव्हा तू पुढे सरकलीस. आधी तिच्या वाक्यावाक्याला मराठी करत होतीस. मग तिचं वाक्य संपायच्या आत करायला लागलीस. मग तिने बोलणंच सोडून दिलं.

"इथे कपडे काढायचे. मग या गार खोलीत. मग कोमट. मग ही गरम खोली, हिच्या जमिनीखाली पोकळी असायची आणि बाहेरून जाळ घालायचे. आपला बंब असतो ना, तसं सगळं घरच बंबावर ठेवलेलं."

"आणि साबण?" कुमुदताईंनी विचारलं.

"साबण नाही. आधी अंगाला तेल चोळायचं, घाम काढायचा, मग वाकड्या पट्टीने तेल-मळ खरवडून काढायचा."

"म्हणजे अभ्यंगस्नानच की गं! तेल कुठलं?"

"ऑलिव्हचं."

"शी. खोबरेल का नाही?"

"कुमुदताई, त्यांना नारळ कुठून मिळणार?"

"मग उटणं तरी?"

इतकं हसलो होतो आपण. गाईडबाईही हसली, कशाला ते न कळता. भिंतीत कोनाडे होते ओळीने. ती म्हणाली, हे कशासाठी ते नक्की कुणालाच माहीत नाही, कपडे ठेवायला असतील नाहीतर मूर्ती. तू लगेच म्हणालीस, दिव्यांसाठी. आणि त्यावर तिच्याशी वाद घातलास. त्या बिचारीला वाटलं असेल, ही कुठली कोण साडीवाली बाई माझ्या न्हाणीघराचा ताबा घेतेय.

मग तिने ते सांगितलं. किल्ल्यातले शिपाई रोमचे नव्हतेच म्हणाली. साम्राज्यातल्या कुठकुठल्या मुलखांतले, काही उबदार समुद्राकाठचे. नोकरीसाठी इकडे धाडलेले. पंचवीस वर्षं चाकरी झाली की मोकळे. मोकळे झाल्यावर पुष्कळसे परत गेलेच नाहीत, इथल्याच बायका केल्या, इथेच राहिले.

तू विचारलंस, "आणि मेल्यावर?"

गाईडबाई गोंधळली. म्हणाली, असतील इथेच कुठेतरी, या शेताखाली.

तू भिंतीवर हात ठेवलास. मग आमच्याकडे वळलीस आणि मराठीत म्हणालीस, "चला, माझं ठरलं. मी गेले की मला इथेच आणा. त्या तिथे, पाण्यात सोडा. नाशिकला नेऊ नका. मी नोकरीला आलेली बाई, नोकरीच्या गावी राहीन."

सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. मी बघितलंय ते. प्रत्येकाने ऐकलं होतं. आणि मग कुमुदताईंनी स्वतःच्याच तोंडावर हात मारला. "अगंबाई! काय हे अभद्र बोलणं! सवाष्ण बाई तू, भरल्या घरातली. थुंक आधी. थुंक म्हणते ना!"

"कुमुदताई, अहो…"

"थुंक!"

आणि शरयू, तू थुंकलीस. मिशीला पीळ देणाऱ्या सर्जनांना ऑपरेशन थिएटरमध्ये "पेशंट तयार नाही, थांबा" म्हणून ताटकळत उभं करणारी भुलेची डॉक्टर तू, एका शाल-टोपीवाल्या बाईच्या धाकाने डावीकडे वळून थू थू केलंस. मग कुणीतरी चिवड्याचा डबा उघडला. कुणीतरी नवा डिजिटल कॅमेरा काढला, "सगळे जवळ या, हसा" झालं. तो फोटो आज तुझ्या हॉलमध्ये हार घालून ठेवलाय, बाकीच्यांना कापून. तू हसतेयस त्यात. हातात चिवडा आहे, तो कापता आला नाही.

कशाला घेतलास गं तो चिवडा? परत का नाही बोललीस? दोनदा म्हणायला हवं होतंस. तीनदा. त्या कुमुदताईंना सांगायला हवं होतंस, की अहो, मी रोज सकाळी माणसांना झोपवते आणि उठवते, मला मरणाची भीती घालू नका.

मला हे कळत नाही, की तुझ्यासारख्या बाईला हे कसं शिवलं. तुझं कामच सांगण्याचं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पलंगाशी खुर्ची ओढून बसायचीस, सुई कुठे टोचणार, काय वाटेल, काय चुकू शकतं, सगळं सांगायचीस. तुझे इंग्रज पेशंट तुला त्यासाठी ख्रिसमसला चॉकलेटं आणून द्यायचे. पण आपल्या माणसांत आलीस, की तोंडाला कुलूप. आपल्याकडे ही कसली रीत आहे? मेथीची भाजी कुणाला पचत नाही यावर आपण अर्धा तास बोलतो, मूळव्याधीवर जेवणाच्या टेबलाशी चर्चा करतो, आणि ज्या एका गोष्टीतून कुणाचीच सुटका नाही तिचं नाव काढलं की थुंक! तिकडे नागपुरात नाहीतर पुण्यात चालत असेल, तिथे काय करायचं ते आयतं ठरलेलं असतं. इथे काहीच ठरलेलं नाही. इथे विचारावंच लागतं. आणि आपण तीस वर्षं इथे राहून विचारायला शिकलो नाही.

मी तुला गप्प केलं नाही, हे तुलाही माहीत आहे. मी भांडले. परत येताना कोचमध्ये मी तुझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हटलं, "हे काय नवीन? आणि इथेच का?"

तेव्हा तू सांगितलंस. तुझी या देशातली पहिली नोकरी तिथून दहा मैलांवरच्या लहानशा हॉस्पिटलात होती. मधुकररावांना व्हिसा मिळेना, तू एकटी. डॉक्टरांच्या क्वार्टर्समध्ये दुसरी बाई नव्हती, देशी माणूस तर औषधालाही नव्हतं. सुट्टीच्या दिवशी बस पकडून तू त्या गावी यायचीस, कारण समुद्र होता. "विजू, त्या भिंतींच्या आत वारा लागत नाही. मी तिथे बसून मोठ्यांदा मराठी बोलायचे. नुसतं बोलायचे, काहीही. वार्डातल्या सिस्टरना शिव्या द्यायचे. त्या भिंतींनी माझं जेवढं ऐकलंय तेवढं कुणी ऐकलं नाही."

मी म्हटलं, "मग काय झालं? म्हणून गोदावरी सोडायची? आणि मी? मी जाणार गोदावरीत, तू जाणार त्या चिखलात. झाली का ताटातूट?"

"तू पण ये की इथे."

"त्या थंडीत? माझं जमायचं नाही. मला आयुष्यभर इथे थंडी वाजली, मेल्यावर तरी ऊब मिळू दे."

"अस्थींना कसली गं थंडी!"

"मग अस्थींना कसला समुद्र आणि कसली नोकरीची गावं?"

तू तोंड उघडलंस आणि तेवढ्यात ड्रायव्हरने माइकवरून सांगितलं, की हायवेवरच्या सर्व्हिसेसला थांबतोय, ज्यांना टॉयलेटला जायचं त्यांनी जाऊन या. आख्खा कोच उठला. तो वाद तिथेच राहिला. तुझ्याकडे उत्तर होतं, मला दिसलं होतं तुझ्या चेहऱ्यावर. काय होतं ते? मला तुझं म्हणणं तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटलेलं नाही. मला विचारशील तर तू गोदावरीतच जावंस. पण मला कोण विचारतंय आणि मी का ठरवावं? तू सांगितलंस ना? मग झालं.

आणि माझ्यावर तर तुझं म्हणणं ऐकण्याचं बंधन आहेच. माझ्या नवऱ्याच्या, सुरेशच्या आजारपणात सगळ्यांनी मला काय काय सांगितलं होतं. बरा होईल, देवावर भरवसा ठेव, वाईट मनात आणू नकोस. कुमुदताई रोज डबा घेऊन यायच्या आणि रोज सांगायच्या, की आज चेहरा टवटवीत दिसतोय त्यांचा. टवटवीत! त्याला कावीळ झाली होती. तू एकटी मला वार्डाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये घेऊन गेलीस, व्हेंडिंग मशीनमधून चहा काढून हातात दिलास आणि म्हणालीस, "विजू, तो यातून उठणार नाही. आज शुद्धीवर आहे. जा आणि जे बोलायचं ते बोलून घे त्याच्याशी." मी तुझ्यावर ओरडले. तू उभी राहिलीस. मग मी आत गेले. त्या दुपारी सुरेश आणि मी जे बोललो, त्यावर मी आजपर्यंत जगले आहे. भांडी कुणी घासायची यावरचं आमचं वीस वर्षांचं भांडणसुद्धा त्या दुपारी मिटलं. ती दुपार तू मला दिलीस. दुसऱ्या कुणाची ती द्यायची हिंमत नव्हती.

म्हणून मी तुझ्या शोकसभेत उभी राहिले.

पिनरच्या चर्चचा हॉल घेतला होता. समोर तुझा तो फोटो. एकेक जण उठून बोलत होता. कुणी म्हणालं, शरयूताई म्हणजे आनंदाचा झरा. कुणी म्हणालं, कधी कुणाला दुखावलं नाही. मला वाटलं, ही कुठली बाई? मला तर तू आठवड्यातून एकदा दुखवायचीस. सेक्रेटरीने सहलीची आठवण सांगितली, खोबरेल तेलाची, सगळे ओल्या डोळ्यांनी हसले. मी उठले आणि म्हटलं, "खोबरेल तेल सगळ्यांना आठवतंय. त्यानंतर पाच मिनिटांनी ती काय म्हणाली, ते आठवतंय का कुणाला?"

शरयू, हॉलमध्ये असं काही झालं की जणू मी शिवी दिली. माणसं चपलांकडे बघायला लागली. सेक्रेटरीने घड्याळाकडे पाहिलं. कुमुदताई पहिल्या रांगेतून वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "विजू, ही काय वेळ आहे का?"

मग कुठली वेळ? जिवंत असताना बोललं तर अभद्र, मेल्यावर बोललं तर ही वेळ नव्हे. मग माणसाने ते बोलायचं कधी? मी हे मोठ्यांदा विचारलं. कुणीतरी पसायदान सुरू केलं आणि मला बसावं लागलं, कारण पसायदान चालू असताना भांडता येत नाही, एवढं वळण मलाही आहे.

बाहेर निखिलने मला गाठलं. काळा सूट, डोळे सुजलेले. "विजूमावशी, आई काय बोलली होती? मला कोणी सांगत नाही."

मी सांगितलं. तो गाडीला टेकून उभा राहिला.

"आईने मला कधी नाही बोलली. आय मीन, आमच्या घरात असा गोष्ट आम्ही डिस्कसच करत नाही ना. मी एकदा विचारलं होतं, विल वगैरेचं, तर बाबा उठून गार्डनमध्ये गेला." टाय सैल केला. "टिकिट्स तर बुक झाली. अण्णाकाका सगळा अरेंज केलाय. आता मी काय करू?"

मी म्हटलं, मी येते घरी. बाबांशी बोलते.

परवा दुपारी गेले. जाताना बसमध्ये मी सगळं ठरवलं होतं, कुठला शब्द आधी, कुठला नंतर. दारात दोन सुटकेसेस उघड्या, त्यांत दिरांकडच्या पोरांसाठी घेतलेले शर्ट. स्वयंपाकघरात कुमुदताई पिठलं गरम करत होत्या. त्या रोज येतात, खोटं कशाला बोलू, रोज येतात आणि मधुकररावांना बसून जेवायला लावतात. तेवढं माणूसपण त्यांच्यात आहे, आणि त्यामुळे त्यांच्यावर धड रागवताही येत नाही. निखिल टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला होता. मधुकरराव खिडकीपाशी.

मी कोटसुद्धा काढला नाही. "मधुकरराव, शरयूला नाशिकला जायचं नव्हतं. तिला त्या समुद्रात जायचं होतं, न्हाणीघराजवळच्या. ती आम्हा सगळ्यांसमोर तसं म्हणाली. कुणी कबूल करणार नाही, पण म्हणाली."

ते वळले नाहीत. म्हणाले, "मला माहीत आहे."

माझं सगळं पाठ केलेलं तिथेच संपलं.

"मला पण म्हणाली होती. पुष्कळदा. गाडीत म्हणाली, जेवताना म्हणाली. मी उठून जायचो, विजूताई. एकदा बातम्या चालल्या होत्या तेव्हा म्हणाली, तर मी टीव्हीचा आवाज वाढवला. मग नंतर ती बोलायची बंद झाली."

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. "माहीत होतं? आणि तरी तुम्ही तिकिटं काढलीत? तिला गॅरेजात ठेवलंत आणि तिकिटं काढलीत?"

"आँटी, प्लीज," निखिल म्हणाला. चिडला की तो मला आँटी म्हणतो.

मधुकरराव आता वळले. दाढी वाढलेली. मला वाटलं, आता मला घराबाहेर काढतील, आणि काढलं असतं तरी मी गेले नसते. पण ते म्हणाले, "तिला तिकडे सोडलं, तर मग मी कुठे जायचं?"

आम्हाला कुणालाच कळलं नाही.

"माझे आई-वडील गोदावरीत. काका, आजी, सगळे तिथेच. अण्णा तिथेच जाणार. मी पण तिथेच, हे कुणी बोललेलं नाही, पण धरलेलंच आहे. ती तिकडे आणि मी इकडे? मी मरेन तेव्हा निखिल मला घेऊन…"

"मधुकर!" कुमुदताईंच्या हातातला कालथा खणकन ओट्यावर पडला. "अरे, काय हे अभद्र! घरात सुतक नुकतं फिटलंय. थुंक आधी…"

"कुमुदताई, गप्प बसा," मी म्हटलं.

मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. तूही नाही, कुणीच नाही. वयाने आईसारख्या आहेत त्या. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "त्यांना बोलू द्या. कुणी थुंकायचं नाही. बोला, मधुकरराव."

कुमुदताईंनी गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि बसल्या. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "म्हणाली होती ती. आठवतंय मला."

निखिलने लॅपटॉप मिटला. "बाबा, तुला कुठे जायचा आहे?"

मला वाटलं, मधुकरराव आता उठून बागेत जाणार. ते उठलेही. दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला, आणि परत येऊन बसले.

"तिच्याजवळ," ते म्हणाले.

"ओके," निखिल म्हणाला. "मग तसंच करू. तू अजून बोल. अजून काय काय आहे ते सगळं बोल."

तर शरयू, तिकिटं रद्द झाली. अण्णांना फोन मधुकररावांनी स्वतः केला. पलीकडून बरंच काही बोललं गेलं असणार, पण हे फक्त "नाही अण्णा, तिने सांगितलं होतं" एवढंच म्हणत राहिले. आम्ही शनिवारी उत्तरेला निघतोय. कुमुदताई येणार आहेत. मीही येणार आहे, आणि तुला पाण्यात सोडतानाही मी मनात म्हणणार आहे, की हे मला पटलेलं नाही.

पण मला तुला त्या दुपारचं सांगायचं होतं. तो माणूस थांबेचना गं. व्हिसा मिळून तो त्या गावी उतरला तेव्हा तू स्टेशनवर कशी उभी होतीस, तुला बघून तो कसा घाबरला, की ही इतकी एकटी राहिली आणि आता हिला माझी गरज उरली असेल का. त्या भिंतींच्या आत बसून तू त्याला शिपायांच्या गोष्टी सांगायचीस आणि तो तुझ्याकडे बघत बसायचा, ऐकायचा काहीच नाही. तुझ्याआधी आपण जाणार असं त्याने मनात पक्कं धरलं होतं, आणि तू विषय काढलास की त्याला तू नसलेलं घर दिसायचं, म्हणून तो उठून जायचा. हे सगळं तो बोलला. रडत बोलला, नाक पुसत बोलला, पिठलं गार होईपर्यंत बोलला. निखिल ऐकत होता, कुमुदताई ऐकत होत्या, मी ऐकत होते. कुणी त्याला गप्प केलं नाही.

आणि मला तुझा असा संताप आला शरयू, की ती बरणी फळीवरून उतरवून गदागदा हलवावीशी वाटली. तुझा नवरा बोलत होता. इतक्या वर्षांनी, एकदाचा. आणि ते ऐकायला ज्या एका बाईने तिथे असायला हवं होतं, ती सोडून आम्ही सगळे त्या स्वयंपाकघरात होतो.